दुसऱ्या बेसची राखण

आठच मुली होत्या, म्हणून मला घेतलं. सॉफ्टबॉलला नऊ लागतात. मावशीच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीने सकाळी सहाला दार वाजवलं आणि म्हणाली, "चल ना, नुसती उभी राहा गं. बाकी आम्ही बघतो." मी गेले. कांजूरमार्गहून मुलुंडच्या मैदानापर्यंत बसमध्ये तिने मला अख्खा खेळ समजावला. त्यातलं मला एवढंच कळलं, की चार बेस असतात आणि त्यांना शिवत फिरून परत घरी यायचं असतं. नवव्या मुलीच्या वाट्याला काय येतं? जे कुणालाच नको ते. कॅचरचा मास्क, छातीवरचं घामट पॅड आणि बॅट घेतलेल्या मुलीमागे उकिडवं बसायची जागा.

माझं तेव्हा सोळावं चालू होतं. शाळा आठवीनंतर सुटली होती. घरात आजारपण, हायस्कूल खाडीपलीकडे, आणि घर बघायला मीच. पुढे घरचं जरा सावरलं, तशी मावशी मालवणजवळच्या आमच्या गावाहून मला मुंबईला घेऊन आली. तिचं पोळी-भाजीचं काम होतं, त्याला हात हवा होता. तिने मला कधी काही कमी पडू दिलं नाही, हे आधी सांगते. पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला सारखं वाटत राहतं, की आपण कुणाची तरी जागा अडवून बसलोय. पंखा वाढवताना वाटतं, भात परत घेताना वाटतं. मैदानावर तसं वाटायचं नाही. तिथे मी नसले तर टीमच उभी राहत नव्हती.

पण नुसतं उभं राहून भागणार नव्हतं. बॉल टाकणाऱ्या मुलीच्या, म्हणजे पिचरच्या, हातातून बॉल सुटला, की बेसवरच्या मुलीला पुढच्या बेसकडे पळायची मुभा असते. बॅटला बॉल लागो न लागो. त्याला चोरीच म्हणतात. ती पळाली, की कॅचरने बॉल झेलून तसाच दुसऱ्या बेसवर फेकायचा. तिथे आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली मुलगी, धावत येणार, बॉल घेणार आणि पळणारीला आऊट करणार. सांगायला सोपं आहे. पहिल्या सामन्यात समोरच्या मुलींनी एवढ्या चोऱ्या केल्या, की शेवटी त्या मला विचारूनच पळायला लागल्या.

"ए कॅचर, जाऊ का?"

"जा ना. ती काय करणारे!"

सामना संपल्यावर मॅडमनी, म्हणजे आमच्या कोचनी, मला बाजूला घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "हात आहे तुला. पण तू बॉल टाकत नाहीस, दगड मारतेस."

खरंच होतं. आमच्या आंब्याच्या कलमांवर माकडं यायची आणि लहानपणापासून मी त्यांना दगडांनी हाकललंय. एक पाय मागे, हात पार पाठीपर्यंत, मग फेक. माकड थांबून बघत बसतं, म्हणून ते जमायचं. पळणारी मुलगी थांबत नाही.

"दिंडोशीची एक कॅचर आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "परीक्षा झाली की येईल. जिल्हा स्पर्धेच्या आधी एक सराव सामना आहे. तोपर्यंत मास्क तुझ्याकडे. त्या दिवशी चोऱ्या थांबल्या तर पुढेही तुझ्याकडे. नाहीतर मग बघू."

मैदानात आता नऊ काय, बारा मुली होत्या. 'मग बघू'चा अर्थ मला कळला. घरी मावशीला सांगितलं, तर तिने कणीक मळता मळता निकाल देऊन टाकला. "टीमात असलंस तर जा खेळूक, मी नको म्हणूचंय नाय. नसलंस तर सकाळी हय बसान चपात्यो लाट. आणि हात मोडून घेतलंस तर तुझ्या आवशीक मी काय सांगू गो?" आवस म्हणजे माझी आई, गावी.

म्हणजे मास्क गेला, की मैदानही गेलं. मी ठरवलं, मास्क सोडायचा नाही.

आमच्या स्वयंपाकघराबाहेर अरुंद बोळ होता. त्याच्या भिंतीला पाठ लावून मी उभी राहायचे आणि मोज्याचा घट्ट गोळा समोरच्या टोपल्यात फेकायचे. मागे भिंत असली, की हात पाठीपर्यंत जातच नाही. कोपर आपटतं. कोपर दोन-तीनदा सोलवटलं, तेव्हा हात आपोआप कानापाशी थांबायला लागला. भाजी चिरून झाली की गोळा, डबे भरून झाले की गोळा. मावशी येता-जाता टोपलं पायाने सरकवायची आणि म्हणायची, "आता मार बघू."

हात सुधारला. मला स्वतःला ते कळत होतं. बॉल पळणारीच्या आधी दुसऱ्या बेसवर पोहोचायला लागला. तरीही सरावात प्रत्येक मुलगी सेफ! मॅडम हात आडवे करून "सेफ" म्हणायच्या. दिंडोशीची ती मुलगी आता येऊन बसत होती, पायाला पॅड बांधून, अगदी शांत. आपलंच काहीतरी चुकतंय, एवढंच माझ्या डोक्यात. मी अजून जोरात फेकायला लागले, तसे बॉल शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून जायला लागले.

ही शॉर्टस्टॉप मुलुंडचीच. तीन पिढ्या तिथे राहणाऱ्या घरातली, वडील बँकेत. माझे बूट फाटले तेव्हा तिने आपले जुने आणून दिले होते आणि वर म्हणाली होती, "घाल गं, घरी नुसते पडलेत." तिचा खेळ मला कधी चुकीचा वाटलाच नाही.

एकदा मॅडमनी शिट्टी मारून सराव थांबवला. कंबरेवर हात ठेवून दुसऱ्या बेसपाशी आल्या आणि शॉर्टस्टॉपला म्हणाल्या, "बॉल आला. पुढे काय केलंस?"

"बेसला लावला ना, मॅडम."

"का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? काल होम प्लेटवर काय केलंस?"

मीही तेच केलं होतं. बॉल हातात आल्याबरोबर प्लेटवर, म्हणजे घरच्या बेसवर, आपटला होता आणि आऊट म्हणून ओरडले होते. आम्ही सगळ्याच गल्लीत नाहीतर अंगणात क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या. बॉल आला की स्टंपला लावायचा, हे हाताला न सांगता कळतं. इथे चोरी करणारीच्या अंगाला बॉल लावावा लागतो. बेसला कितीही बडवा, ती सेफच.

"बेल्स कुठायत?" मॅडम म्हणाल्या. "दाखवा मला. मी शोधून दमले."

शॉर्टस्टॉपला हसू फुटलं. "वाट लागली," ती मला म्हणाली, "म्हणजे तू एवढे दिवस वेळेत टाकत होतीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं, माझंच चुकतंय."

"अगं मग बोलायचं ना! माझ्यावर ओरडायचं! कॅचर ओरडत नसेल तर काय उपयोग?"

मॅडमनी दुसरा बेस उचलला आणि झाडाखाली नेऊन ठेवला. "आता लावा कुठे लावायचाय तो."

त्यानंतरचे सगळे सराव बेसशिवाय झाले. मातीत एक खूण, बास. लावायला फक्त येणारी मुलगी उरली. शॉर्टस्टॉपने मला बजावलं, "छातीवर देऊ नकोस. तुझ्या उजव्या बाजूला दे, माझ्या गुडघ्याच्या खाली. ती घसरत तिथेच येणार, मला ग्लव्ह नुसता खाली सोडायचाय." मला जोर कमी करावा लागला. भीती वाटत असताना जोर कमी करणं फार अवघड असतं. पण केला.

सराव सामना जोगेश्वरीच्या टीमशी होता. त्यांच्यात एक बारकी, वाऱ्यासारखी मुलगी होती. पहिल्याच डावात ती पळाली आणि मी घाबरून जुन्या सवयीने दगड मारला. बॉल थेट मागच्या फिल्डरकडे. ती बारकी दुसऱ्या बेसवर कपडे झटकत उभी राहिली आणि म्हणाली, "थँक्यू हां!" बाकावर दिंडोशीच्या मुलीने हेल्मेट मांडीवर घेतलं. मॅडमनी तिला अजून उठवलं नाही.

शॉर्टस्टॉप पळत आली. टीममध्ये मला सगळ्या 'कोकण' म्हणायच्या. "कोकण, इकडे बघ. गुडघा. माझा गुडघा बघ फक्त."

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, त्यांच्या दोघी आऊट, तिसरी आऊट झाली की सामना आमचा, आणि तीच बारकी पहिल्या बेसवर. दुसऱ्यावर गेली असती, तर एका साध्या फटक्यात घरी आली असती. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"जाऊ ना?"

मी तोपर्यंत कधीच कुणाला उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, "ये तर खरी!"

बॉल सुटला आणि ती सुटली. बॅट हवेत फिरली, बॉल माझ्या ग्लव्हमध्ये आला. हात कानापाशी. बॉलच्या वाटेतून पिचर खाली वाकली. मी तो गुडघा पाहिला आणि बॉल सोडला. धुळीत दोघी एकत्र पडल्या. शॉर्टस्टॉपने बेसकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा ग्लव्ह त्या मुलीच्या नडगीवर दाबलेला होता, आणि अंपायरची मूठ वर गेली. आऊट!

मॅडमनी नंतर किट आवरताना दिंडोशीच्या मुलीला विचारलं, "थर्ड बेस खेळशील?" ती हो म्हणाली. मास्क त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. मला रडू येत होतं, म्हणून मी बुटांच्या नाड्या सोडत बसले.

मावशीने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मगे सकाळी चपात्यो कोण लाटतलो?" मग स्वतःच म्हणाली, "जा. पीठ तेवढा मळून ठेव."

जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात समोरची पहिलीच मुलगी पहिल्या बेसवर पोहोचली. भीती अजूनही वाटत होती. ती काही गेली नाही, आजही जात नाही. मी उकिडवी बसले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "दुसरा बेस, तयार राहा!" बॉल आला, मी झेलला आणि हात कानापाशी नेला. ती मुलगी दोन पावलं पुढे आली होती. तिने माझा हात पाहिला, आणि वळून आपल्या बेसवर परत गेली.