दसरूची थ्री नॉट थ्री

माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कंपनी कॅम्पवर झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या वडिलांना झाला. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात. वरोऱ्याच्या कॉलेजात बी. ए. करून मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि निमलष्करी दलात लागलो. दलाने मला देश दाखवला, हवालदार केलं. आता घराजवळ आलो होतो. पण कॅम्पपासून दोन कोसांवर बोली माझ्या ओळखीची असली, तरी माणसं माझ्याकडे बाहेरच्यासारखीच बघत.

कंपनीत स्थानिक आम्ही दोघेच, मी आणि दसरू. दसरू माडिया आदिवासी. त्याचं गाव कॅम्पच्या पलीकडच्या जंगलात. कमी बोलायचा, पण मुलांसमोर उभा केला की गडी खुलायचा.

मुलांसमोर उभं राहायचं काम कंपनी कमांडर साहेबांमुळे निघालं. त्यांना जुन्या शस्त्रांची आवड होती. हौशी लोक संग्रहासाठी घेतात, जुन्या लढायांचे देखावे करणारेही घेतात, तशा बंदुकांच्या प्रतिकृती त्यांनी स्वखर्चाने मागवल्या. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, स्टेनगन आणि थ्री नॉट थ्री रायफल. वजन, आकार, दस्त्याचं लाकूड, सगळं हुबेहूब. बोल्ट मागेपुढे व्हायचा, घोडा दाबला की टक्‌ वाजायचं. नळी मात्र आतून भरीव. गोळी जायला वाटच नाही. खऱ्या शस्त्राला मुलांनी हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून शाळांच्या कार्यक्रमांत या प्रतिकृती मांडायच्या आणि दसरूने माहिती सांगायची.

"हे गोळी मारते का जी?" एखादा पोरगा विचारायचा.

"नाई मारत. म्हणून तं तुयापाशी देऊन राह्यलो."

पोरं हसायची. मागे उभे असलेले बाप हसायचे नाहीत. एकाने तर नळीला नाक लावून वास घेतला होता. आमच्या हातातलं काहीही खोटं असेल यावर गावाचा विश्वास नव्हता. आणि खरं सांगायचं तर गावातला एखादा माणूस नुसता लाकडं तोडायला निघाला असेल, यावर आमचाही नव्हता.

अशाच एका कार्यक्रमात दसरूने वर्दीत, छातीशी ती नकली थ्री नॉट थ्री धरून फोटो काढून घेतला. तो फोटो त्याने आईला नेऊन दिला.

पावसाळा सरल्यावर रोड ओपनिंगच्या, म्हणजे रस्ता तपासून मोकळा करण्याच्या ड्युटीवर असताना डाव्या झाडीतून फायर आला. दसरू पुढे होता. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. ड्युटीची खरी रायफल त्याच्या हातातच होती. मानवंदना दिली, शव गावी नेलं. गावाने आपल्या रीतीने त्याला माती दिली. घरात तो फोटो लागला.

काही आठवड्यांनी कमांडर साहेबांनी दसरूच्याच गावात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला. मांडव आरमोरीहून आला. मांडववाला रफीकभाई आमच्या कॅम्पचं काम नेहमी करायचा. प्रतिकृती मांडल्या, मुलांनी हाताळल्या, चहा झाला. सामान परत आलं तेव्हा पेटीत थ्री नॉट थ्री नव्हती.

साहेबांचा चेहरा उतरला. "नकली है, पर जंगल में कौन देखेगा?" ते म्हणाले. बरोबरच होतं. रस्त्यात ट्रक अडवून ती ड्रायव्हरच्या छातीला लावली, तर तो नळी भरीव आहे का ते तपासणार नव्हता. उलट ती हातात असलेला माणूस आमच्या गस्तीला दिसला, तर आमचा जवानही तपासत बसणार नव्हता.

पहिला संशय रफीकभाईवर. पेटी त्याच्या गाडीतून आली होती. त्याला गेटवर बसवून ठेवलं.

"हवालदार साहेब," तो मला म्हणाला, "पेटी अन्‌ ताडपत्र्या तुमच्याच पोट्ट्यायनं गाडीत भरल्या. अन्‌ मी न उडणारी बंदूक नेऊन करू काय? बायकोले भेव दाखवू? ते उडणारीलेबी भेत नाई."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. रात्रभर रफीकभाई गेटवरच राहिला.

सकाळी साहेब स्वतः जवानांचं एक सेक्शन घेऊन शोधाला निघाले. दसरूच्या गावाबाहेर, जिथे मेलेल्यांच्या नावाचे दगड उभे करतात, तिथे पुढच्या जवानाने मूठ वर केली. सगळे जागेवर थांबले.

नव्या दगडाला टेकून थ्री नॉट थ्री उभी होती. शेजारी फुटलेलं मडकं आणि पाय वर करून ठेवलेली खाट.

"पोझिशन लो. कोई हाथ नहीं लगाएगा."

आमच्या सगळ्यांच्या मनात एकच आलं. वाटेवर बंदूक दिसली की जवान उचलायला जातो, आणि खाली पेरलेला बॉम्ब, आयईडी असतो. खरं शस्त्र कोणी असं सोडत नाही, खोटं सोडायला काय जातं?

साहेबांनी वायरलेस सेट उचलला. "कंट्रोल, चार्ली. संशयित वस्तू. बॉम्ब पथक भेजो. ओव्हर."

"चार्ली, रॉजर. वेळ लागेल. जागेवर थांबा. ओव्हर."

आम्ही झाडांच्या आडोशाला पडून राहिलो. तेवढ्यात गावाच्या बाजूने एक बाई आली. हातात पाण्याचा गडू. दसरूची आई. सरळ दगडाकडे निघाली.

"किसने भेजा इसको?" साहेब पुटपुटले. मग मला म्हणाले, "रोको उसे."

मी ओरडलो, "बाई, थांबा! पुढं जाऊ नोका!"

"काऊन?" ती चालतच होती.

"तिथी बॉम्ब असन!"

ती थांबली. आम्ही कुठे कुठे पडलो आहोत ते तिने एकदा पाहून घेतलं.

"माया पोराच्या इथी बॉम्ब कोण ठेवन? तुमीच ठेवला असन तं सांगा."

आणि ती चालू लागली. मी उठलो. साहेबांनी माझा पट्टा धरून खाली ओढलं. तिने दगडावर पाणी ओतलं, खाली बसली आणि रायफल उचलून मांडीवर घेतली.

मी तोंड मातीत खुपसलं.

काही झालं नाही. वर पाहिलं तर ती पदराने दस्ता पुसत होती.

मी एकटा तिच्याजवळ गेलो. साहेब मागून आले.

"हे कोणी आणली, बाई?"

"त्याच्या बापानं. मांडवातून. त्याचीच हाय ना? फोटूत हाय."

"कायले आणली?"

"मेल्या माणसाची वस्तू त्याच्यापाशी ठेवाची. दुसऱ्यानं वापराची नाई. मडकं ठेवलं, खाट ठेवली. बंदूक सरकारनं ठेवून घेतली. अन्‌ त्या दिवशी पाह्यलं, तं माया पोराची बंदूक घेऊन गावचे पोट्टे खेळून राह्यले. तुमाले लाज नाई वाटली?"

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. त्यांनी मडक्याकडे, खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, इथे ती अशी सोडता येणार नाही. कोणीही उचलून नेईल.

तिला ते माझ्याआधी कळलं असावं. तिने दस्ता आमच्याकडे फिरवला. त्यावर कुऱ्हाडीचे तीन-चार घाव होते.

"मडकं फोडाचं राह्यते. खाट उलटी कराची राह्यते. तसं हिले बी मोडाचं हाय. बुढ्याच्यानं मोडली नाई."

साहेबांनी तिच्या हातातून रायफल घेतली. बोल्ट काढला. नळी वाटेकडेच्या दोन खडकांच्या फटीत घालून सगळं वजन टाकलं. ओतीव धातू होता, तिसऱ्या झटक्याला तुटला. तुकडे त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. तिने ते खाटेखाली एकेक करून ठेवले.

साहेबांनी सेटवर सांगितलं, "वस्तू सुरक्षित. पथक कॅन्सल. और गेट पर जो बैठा है, उसको छोड़ो. चाय पिलाओ."

मग सेक्शन रांगेत फॉलइन केलं.

"सलामी शस्त्र!"

आमच्यापासून पंधरा हातांच्या अंतरावर ती बसली होती. सलामी झाल्यावर तिने मला जवळ बोलावून पुन्हा विचारलं, "हेच होती ना त्याची?"

"हो बाई," मी म्हणालो.

दसरू ज्या रायफलीनिशी पडला, ती शस्त्रागारात साफ होऊन त्याच महिन्यात नव्या जवानाला इश्यू झाली होती. त्या सकाळी दसरूला सलामी देणाऱ्या रायफलींत तीही होती.