मोगलाईवाली
हॉटेलच्या पाटीवर 'मोगलाई' हा शब्द दिसला की जेवणावरची माझी वासना उडते. अजिंठ्यापलीकडच्या निजामाच्या मुलखाला आम्ही खानदेशी लोक मोगलाई म्हणायचो. ते राज्य बुडून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मी जामनेरकडच्या एका खेड्यात मास्तर होतो आणि पहिल्या मतदारयादीसाठी दारोदार नावं लिहीत फिरत होतो. एका ओट्यावर सरकी वाळत होती, तिचा तेलकट वास पसरला होता. सुनेचं नाव विचारलं, तर सासू म्हणाली, "तिले बठ्ठा मोगलाईवालीच म्हंतस." सून दाराआडून हळूच म्हणाली, "मास्तर, मन्हं माहेरनं नाव लिखा. त्या नावनी हाक मारनारा बठ्ठा दंगामा गयात. कागदवर तरी ऱ्हाऊ द्या." निजामाचं राज्य बुडतानाच्या दंग्यात तिचं सगळं माहेर मारलं गेलं होतं. तिनं नाव सांगितलं. सासू हसली, "त्या नावनी तिले कोन वळखस?" मलाही ते पटलं, मी 'मोगलाईवाली' लिहून पुढच्या घराकडे वळलो. मतदानाच्या दिवशी मी केंद्रावरच कामाला होतो; असलं नाव चालत नाही म्हणून तिला रांगेतून परत पाठवलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. राज्य गेलं तरी तो शब्द पाट्यांवर राहिला. तिनं मात्र स्वतःचं नाव माझ्या हवाली केलं होतं, आणि मला ते आठवत नाही.