दोन अर्थिंग, एक बोल्ट

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. आमच्या विभागात मी एकटीच बाई. प्रयोगशाळेत एखादं यंत्र बिघडलं की शिपाईसुद्धा आधी शेजारच्या सरांना हाक मारायचा. सर मग माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी ते दुरुस्त करायचे. याची मला सवय झाली होती असं मी म्हणत असे. सवय झाली नव्हती.

त्या वर्षी शिरवळला कारखाना असलेले एक गृहस्थ कॉलेजात आले. त्यांना गाड्यांच्या शर्यतीचा नाद. आपल्या गाडीचा कार्बोरेटर काढून त्यांनी पेट्रोलचं इंजेक्शन बसवलं होतं, आणि ते चालवायला परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर मागवला होता. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे त्या डब्याने इंजिनावरच्या सेन्सरांकडून येणाऱ्या इशाऱ्यांवरून ठरवायचं. सोबत इंग्रजी पुस्तिका होती, ती वाचून जोडणीचा नकाशा काढून देणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं.

"मॅडम, जमेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. स्वर वाईट नव्हता. पण मी त्याच क्षणी ठरवलं, की यात कुठेही चूक होऊ द्यायची नाही.

प्रत्यक्ष वायरिंग करणार होते साताऱ्याचे सुभेदार. मूळचे मेढ्याकडचे, लष्करात गाड्यांच्या विजेचं काम करून निवृत्त झालेले, आणि हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये दुकान घातलेले. त्यांना सगळा सातारा सुभेदार म्हणूनच ओळखायचा. उंच, किडकिडीत, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वायर सोलताना ते श्वास रोखून धरत. प्रत्येक जोडावर बाहीसारखी नळी चढवत आणि वायरींची जुडी मेणाच्या दोऱ्याने हाता-हाताच्या अंतरावर अशी बांधत, की मी ती नुसती बघत उभी राहिले होते.

मी रविवारी एस.टी.ने साताऱ्याला जायचे. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हटलं, शिक्षिकेला म्हणतात तसं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "बाई, एक इचारू का? ह्ये सेन्सरचं अर्थिंग आन् पंप-पंख्याचं अर्थिंग, दोन्ही एकाच बोल्टाला घेतलंय तुमी?"

"हो. बॉडीला जाणार ना दोन्ही शेवटी."

"जातंय खरं. पर जड करंट आन् हलका करंट एका बोल्टाला आमी कवा बांधत नव्हतो. आर्मीत वायरलेसची गाडी आसली तर लय भानगड व्हायची."

"सुभेदार, नकाशात आहे तसं करा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तसंच केलं.

पुस्तिकेत ते पान होतं. सेन्सरची अर्थिंगची वायर बॉडीला लावूच नका, थेट कॉम्प्युटरच्या डब्यात परत न्या, असं चौकट करून छापलं होतं. मी ते पान वाचलेलं होतं. नकाशा काढताना मात्र वर्गात फळ्यावर काढायच्या सवयीने सगळ्या अर्थिंगच्या रेघा एका ठिकाणी ओढल्या. त्यांनी विचारलं तेव्हा पुस्तिका माझ्या पिशवीत होती. उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण त्या रविवारी गाडी बघायला आलेले कारखानदार शेजारीच उभे होते, आणि त्यांच्यासमोर पुस्तिका उघडणं म्हणजे आपल्याला नक्की माहीत नाही असं कबूल करणं, असं मला वाटलं.

गाडी सुरू झाली. सुंदर सुरू झाली. कारखानदारांनी पेढे वाटले.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी दिवे लावून ते शिरवळहून साताऱ्याकडे येत असताना खंबाटकीच्या चढावर, वळणातच इंजिन बंद पडलं. आचके नाहीत, आवाज नाही, एकदम बंद. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. पाच मिनिटांनी गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच.

त्यांनी आम्हा दोघांना शेडमध्ये बोलावलं. चेहरा अजून उतरलेला होता. "मला एवढंच सांगा, चूक कुणाची आहे?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार म्हणून नव्हे. माझ्याकडे शिक्षण होतं, म्हणून उत्तर माझ्याकडे असेल अशा नजरेने.

मी म्हणाले, "वायरिंगमध्ये कुठेतरी लूज असणार. गरम झालं की जोड सुटत असेल."

हे मी अगदीच खोटं बोलले असं नाही. त्या वेळी मला खरंच तसं वाटलं असावं. पण वाटलं ते किती पटकन वाटलं, हे मला अजून आठवतं.

"माझा जोड सुटत न्हाई, बाई," सुभेदार हळूच म्हणाले. एवढंच. मग ते हात पुसायला मागे गेले.

गाडी सांगलीला आणली. माझ्या देखरेखीखाली दुसऱ्या माणसाकडून त्याच नकाशावरून सगळं वायरिंग नव्याने करून घेतलं. सुभेदारांची ती जुडी मीच कात्रीने कापली. कापताना एकेक जोड ओढून बघत होते. एकही सैल निघाला नाही.

आणि नव्या वायरिंगवरही गाडी बंद पडली.

तेव्हा मी पहिल्यांदा जे आधी करायला हवं होतं ते केलं. कॉलेजच्या आवारात गाडी उभी करून इंजिन तापू दिलं, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी सेन्सरच्या अर्थिंगला लावली. काटा शून्यावर. मग पंखा सुरू झाला, काटा हलला. दिवे लावले, ॲक्सिलरेटर दाबला, काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला आणि इंजिन बंद पडलं. बोल्टाखाली बॉडीचा रंग होता, त्यामुळे वीज अडत होती. जड करंट त्यातून जाताना तिथे विजेचा दाब चढायचा, सेन्सरचा इशारा बिघडायचा, आणि इंजिन फिरतंय की नाही हेच कॉम्प्युटरला कळेनासं व्हायचं.

मी पुस्तिका उघडली. चौकटीतलं पान समोर आलं.

एका दुपारचं काम होतं. सेन्सरची वायर डब्यात परत नेली, बाकीचं अर्थिंग रंग खरवडून थेट इंजिनाला बांधलं. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. कारखानदारांनी फोनवर विचारलं, "शेवटी वायरिंगच होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "अर्थिंगचा प्रॉब्लेम होता."

त्यांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. मी ते समजू दिलं. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. त्यानंतर शिपाई यंत्र बिघडलं की सरळ माझ्याकडे यायला लागला.

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सुभेदारांनी केलेली गाडी घाटात बंद पडते, सांगलीच्या मॅडमनी नीट केली. वर्षभराने एका कामासाठी साताऱ्याला गेले तेव्हा शेडला कुलूप होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "सुभेदार व्हय? गेले गावाकडं. गिऱ्हाईक येईना झालं."

मेढ्याला जायला मला आणखी चार महिने लागले. ते भाताच्या खाचराच्या बांधावर बसले होते. मला बघून उठले, घरी नेलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं: नकाशा, पान, मीटर, फोन. मान खाली घालूनच सांगितलं.

त्यांनी मध्येच विचारलं, "किती दावलं मीटरनं?"

"अर्धा व्होल्ट. वर थोडा."

"पंखा चालू झाल्याव?"

"हो. दिवे लावल्यावर आणखी."

"तरीच घाटात. चढाला इंजिन तापलं की पंखा लागतोय," ते म्हणाले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, अडलेलं गणित सुटल्यासारखा. मला वाटलं, माफ केलं.

मग त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, मला सांगून काय उपेग? मला माझा जोड ठावं हुताच. त्यास्नी सांगा."

मी शिरवळला गेले. कारखानदार नव्या शेडच्या बांधकामात गुंतले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते हसले. "अहो मॅडम, ती गाडी मी कधीच विकली. कोण सुभेदार? ते साताऱ्याचे म्हातारे होय? जाऊ द्या हो, एवढं काय मनाला लावून घेता." मी म्हणाले, त्यांना एक फोन तरी करा, किंवा दोन ओळी लिहा. ते म्हणाले, "करू की." त्यांनी केलं नसावं.

मी पुन्हा मेढ्याला गेले नाही. काय सांगणार होते? ज्या माणसाच्या गाडीपायी तुमचं दुकान बंद झालं, त्याला तुम्ही नीट आठवतही नाही, असं? हे त्यांना ऐकवायला नको, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं मला सोयीचंही होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की जिथे बोललात तिथे जाऊन सांगा. ते मी केलं होतं. निदान मी जाऊन सांगितलं, हे तरी त्यांना कळायला हवं होतं. एका पोस्टकार्डावर मावलं असतं.