एकोणीस घरांचा चहा

गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या वळणावर एक वस्ती आहे. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सगळं कुणाबद्दल आहे ते लगेच कळेल. खाली बंधारा झाल्यापासून पावसाळा सरला की पाणी मागं फुगतं, ओढा भरतो आणि वस्तीच्या चारी बाजूंना पाणीच पाणी. मग उन्हाळ्यापर्यंत होडीनं जायचं. दोन्ही काठांना दोर बांधलेला आहे, तो धरून होडी ओढत पलीकडं न्यायची. घरं एकोणीस. तिथली माणसं वस्तीला बेटच म्हणतात.

मी परभणीच्या ऑफिसात मुलांच्या संरक्षणाचं काम करते. हे झालं कागदावर. खरं तर मी एसटीत बसते, रिक्षात बसते, होडीत बसते आणि चहा पिते. वीसेक वर्षं हेच चाललंय. आता मी थकले आहे, आणि हे सांगायची मला लाजही वाटत नाही.

चहाचं असं आहे, की फोन कुणीतरी गुपचूप करतं. अमक्या घरी लग्न ठरलंय, पोरगी नववीत आहे, लवकर या. मी होडीतून उतरले की साऱ्या वस्तीचे डोळे माझ्या चपलांवर. कुठल्या दारात आधी गेले, कुठं जास्त वेळ टेकले, यावरून फोन कुणी केला हे संध्याकाळपर्यंत ठरलेलं असतं. म्हणून मी नेम केला होता. शाळा सुटलेल्या मुलांच्या पाहणीचं रजिस्टर काखेत मारायचं, मारुतीच्या पारापासून सुरू करायचं आणि एकही घर न वगळता प्रत्येक दारी बसून चहा प्यायचा. ऑफिसात नव्यानं येणाऱ्यांना मी हे मोठ्या तोऱ्यात शिकवायची. पित्ताचं काय होतं ते सांगायची नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर बेटावरून फोन आला. करणारी होती पोरीची सख्खी चुलती. दोन्ही भावांची घरं भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा पुण्याला ट्रकवर, मूलबाळ नाही, आणि जावेची ही लेक तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ताई, रविवारी लावून द्यायलेत. पोरगी जेवंना. माझं नाव तेवढं येऊ देऊ नका."

"नाही येणार," मी म्हटलं. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे, की बोलताना चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी गेले. आठवड्याभरापूर्वीच डॉक्टरांनी मला साखर निघाल्याचं सांगितलं होतं आणि चहा बंद केला होता. तरी बारा घरी प्याले. तेराव्या घराच्या ओट्यावर चढले तेव्हा पाय भरून आले होते, तोंडाला गोडमिट्ट चव होती. ते घर चुलतीचं. तिनं चूल फुंकायला घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको हो बाई, तुमच्याकडं तरी नको. मला साखर निघालीय. घरी अजून कुणाला सांगितलं नाही, तुम्हीही बोलू नका." तिनं मान हलवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. पाच मिनिटं भिंतीला टेकून बसले. इतकं बरं वाटलं! मग उरलेल्या सहा घरी जाऊन मुकाट्यानं चहा प्याले.

लग्न थांबलं. ग्रामसेवक आले, पोरीच्या बापानं हमीपत्रावर सही केली, पोरगी बाल कल्याण समितीपुढं बोलली आणि परत शाळेत बसली. मी फाइल बांधली. अशा वेळी आनंद व्हायला हवा, पण मला फक्त झोप आली.

संक्रांत झाल्यावर पोरीची चौकशी करायला पुन्हा गेले. होडीवाले मामा दोर ओढता ओढता म्हणाले, "मॅडम, त्या चुलतीसंगं कुनी बोलंना आता. तुमी अठरा घरी चहा पेले अन् तिच्या घरी न्हाई पेले. परक्याच्या घरी मानूस मन राखायला पेतंय. नको म्हनतंय ते आपल्याच मान्साला."

खरंच होतं. वीस वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती आणि त्यांना एका संध्याकाळीत कळली होती. माझा मलाच भयंकर राग आला.

नेमाप्रमाणे सगळीकडं फिरले. पोरगी शाळेत गेलेली होती. तिची आई माझ्याशी तुटक बोलली, पण बोलली. शेवटी चुलतीच्या घरी गेले. फळीवर प्लॅस्टिकच्या गाळण्या रचून ठेवल्या होत्या, चहाच्या, हिरव्या रंगाच्या, अठरा. हळदीकुंकवाचं वाण. घ्यायला एकही बाई आली नव्हती.

मी काही बोलायच्या आत तिनंच खालच्या आवाजात विचारलं, "ताई, पोरगी रोज शाळंत जायलीय न्हवं? तिला माझ्याशी बोलू देत न्हाईत. डबा नेती का?"

भिंतीपलीकडच्या पोरीची खबर ती परभणीहून आलेल्या बाईला विचारत होती. मी सांगितलं, जाते, डबाही नेते, गणितात बरे मार्क आहेत. ती ऐकताना हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "पण त्या दिवशी जावेनं विचारलं असेल ना, बाईनं तुझ्याकडं चहा का नाही घेतला म्हणून? साखर आहे तिला, एवढं सांगितलं असतं तरी तुम्ही सुटला असता."

"लय येळा इचारलं तिनं," ती म्हणाली. "पन तुमी म्हनले होते ना, कुनाला बोलू नका."

तिनं चुलीवर भांडं ठेवलं, मुठीत साखर घेतली आणि माझ्याकडं बघून थांबली.

"टाका," मी म्हटलं. मग उठून चटई दाराबाहेर ओट्यावर ओढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिथं बसून दोन कप चहा प्याले.