फरसबीच्या बरण्या

गल्लीत तिला सगळे बरणीताई म्हणायचे. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, काजं-बटणं ही तिची रोजची कामं. थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. दोन खोल्यांत, एकमेकांवर कुरकुरत, पण गुण्यागोविंदानं राहायची.

मागच्या अंगणात ती भाजी लावायची. टोमॅटो उतू जायला लागले की लिंबाचा रस घालून बरण्यांत भरायची आणि ते वर्षभर टिकायचे. त्या वर्षी फरसबी उदंड आली.

"फरसबी टिकेल का गं?" भावानं विचारलं.

"कुकर आहे की घरात. चार शिट्ट्यांत हाडं मऊ होतात, तिथे जंतूंचा काय निभाव लागणार?"

अशा बरण्यांसाठी वाफेच्या दाबाचं वेगळं मोठं भांडं मिळतं, हे तिच्या कानावर आलं होतं. पण ते तिला दुकानदारांचे चोचले वाटले. कुकरात एका वेळी तीनच बरण्या मावत. तिनं हौसेनं भरपूर भरल्या आणि शेजारच्या तीन घरांतही वाटल्या.

थंडीत तिची दाढ ठणकायला लागली, तेव्हा ती पातळ भातावर होती. भावानं एक बरणी उघडली, वर तेल-मीठ घातलं आणि फरसबी तशीच, न तापवता खाल्ली. "झकास झालीय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला घड्याळाच्या एका काट्याचे दोन दिसायला लागले. डोळ्यांवर ताण आला असेल म्हणून त्यानं दुकान लवकर बंद केलं. संध्याकाळी पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, पाण्याचा घोट नाकातून परत आला. बहिणीनं रिक्षा बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची सगळी चौकशी केली. फरसबीचं नाव निघताच त्या थांबल्या.

"वास येत होता?"

"नाही. पाणी स्वच्छ होतं. झाकणही घट्ट होतं."

"बरणीत जंतूंनी विष तयार केलंय, ताई. त्याला वास नसतो. घरचा कुकर लहान असतो. पटकन तापतो, पटकन निवतो. बरणीच्या पोटात हवी तेवढी उष्णता हवा तेवढा वेळ राहत नाही. टोमॅटोचं आंबटपणामुळे निभावतं. फरसबीत आंबटपणा नसतो. जंतू मेले नाहीत, तर बंद बरणी त्यांना फावते."

काचेपलीकडे भावाच्या घशात नळी घालत होते. तो पूर्ण शुद्धीत होता, फक्त हलता येत नव्हतं.

"आणखी कुणी खाल्लीय?" बाईंनी विचारलं.

ती तशीच उठली आणि गल्लीत परतली. पहिल्या घरी बरणी फळीवर होती, ती निमूट परत मिळाली. दुसऱ्या घरची शिक्षिका म्हणाली, "आम्ही तर कधीच खाल्ली. कुणाला काही झालं नाही. उगीच जिवाला लावून घेऊ नका."

"तुमचं नशीब. माझा भाऊ यंत्रावर श्वास घेतोय. माझ्या हातानं झालंय ते," ती म्हणाली. हे वाक्य तिला प्रत्येक दारात म्हणावं लागलं.

तिसऱ्या घरच्या म्हातारीनं आपली बरणी परगावच्या लेकीला दिली होती. बरणीताईनं तिथल्या तिथे फोन लावला. लेक म्हणाली, "आज रात्रीच काढणार होते." बरणीताईनं तिला ती न उघडता टाकून द्यायला सांगितलं.

भाऊ वाचला. औषध वेळेवर मिळालं, तरी श्वास स्वतःचा स्वतः घ्यायला त्याला महिने लागले. बोटांत पहिली ताकद आलीच नाही. बारीक स्क्रू चिमटीतून निसटायचा. भाड्याच्या दुकानाची किल्ली त्यानं मालकाला परत दिली. बहिणीला तो चकार शब्द बोलला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"एकदा शिव्या दे रे मला," ती एकदा म्हणाली.

"शिव्या देऊन हात येणारेत का?" तो म्हणाला. बोलणं अजून बोबडंच होतं.

तेव्हापासून त्याचं ताट वाढलं की ती आधी त्यातले चार घास स्वतः खायची, मग तो हात घालायचा. तसलं विष लगेच कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो थांबायचा आणि ती खायची.