दाद देत नाही

आठवीत असताना माझी मान इसबानं नुसती पेटली होती. पापण्यांवर, कोपरांच्या आत लाल चट्टे, आणि खाज अशी की देवा रे! एक मलम संपलं, दुसरं संपलं, फरक शून्य. शेवटी आई मला आमच्या शहरातल्या दतिया गेटजवळच्या औषधवाल्याकडे घेऊन गेली. घराबाहेर आमचं सगळं हिंदीत चालायचं, पण आई घायकुतीला आली की तिचं मराठी त्यात घुसायचंच.

"भैयाजी, किसी दवा को दाद ही नहीं देता."

"अच्छा, दाद है?"

"हाँ हाँ, वही तो!" आपलं म्हणणं कुणाला तरी कळलं म्हणून ती खूश.

हिंदीत दाद म्हणजे गजकर्ण. त्यानं गजकर्णाचं जालीम मलम दिलं, आईनं मायेनं चोळलं, आणि मी अंगणभर थयथयाट केला. "आग होतेय म्हणजे लागू पडतंय," म्हणत तिनं दुसऱ्या दिवशीही लावलं. मानेची सालं निघाली.

मग चामडीचे डॉक्टर. ते म्हणाले, दाद नाही, एक्झिमाच आहे. पण कातडीवर जी फफूंद असते ती हिला सोसत नाही, त्यानं एक्झिमा आणखी चिडतो. फफूंद म्हणजे बुरशी! लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू न देणारी माझी आई, तिचा चेहरा पाहवेना.

"माझ्या पोरीच्या अंगावर?" ती मराठीतच बोलून गेली.

डॉक्टरांना काय ते कळलं. "माताजी, आपके भी है, मेरे भी. सबके होती है. दवा से दबेगी, फिर लौटेगी."

आईला ते पटलंच नाही. तिनं चादरी उकळल्या, गाद्या उन्हात टाकल्या, मला कढत पाण्यानं घासून काढलं. खाज आणखी वाढली. "पुरे कर ना!" मी ओरडले, तशी ती ओल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसली आणि रडायला लागली.

"अगं, मग मी करू तरी काय?"

मला काय ठाऊक! मीही रडत बसले.

आता मी ग्वाल्हेरला असते. ऋतू बदलला की मान पुन्हा उठते. आई थकलीय, बरंचसं विसरते, पण फोनवर हे मात्र विचारतेच, "दाद देतंय का गं आता?"

"देतंय, आई. अगदी छान," मी म्हणते. फोन एका हातात असतो, दुसरा मानेवर.