मनगट आणि कातर

हरिबातात्यांचा मेंढरांचा कळप मोठा, पण तो कातरायचा पुतण्या रामेश्वरनं. मेंढी कातरताना मनगट आत वळवून सैल ठेवावं लागतं, म्हणजे पातं कातडीला न टोचता सरकत जातं. त्या घरात कातरणारा हाताला दोरा, कडं, घड्याळ काहीच बांधत नाही; बांधलेल्या हाताला कातडी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरी रीत अशी, की ज्याच्या हातून मेंढीचं रक्त निघेल त्यानं कातर तात्यांसमोर ठेवायची. ती परत द्यायची की नाही, ते तात्या बघतील. रामेश्वरवर ती वेळ कधी आली नव्हती.

पंचेचाळिशीत त्याला साखर निघाली. कळपामागं हिंडायचं सोडून त्यानं सिरसाळ्यात पेंडीचं दुकान टाकलं होतं; कळपाकडं आता कातरणीपुरताच जाई. मेंढ्या चालत राहिल्या, रामेश्वर बसला. डॉक्टरांनी घाम गाळायला सांगितलं आणि मोहिनीनं, म्हणजे लेकीनं, त्याला शिवशंकरच्या व्यायामशाळेत नेऊन सोडलं. ही व्यायामशाळा खताच्या दुकानाच्या माडीवर आहे. वाढीची हमी दोन्ही मजल्यांवर मिळते. शिवशंकर बागायतदाराचा मुलगा. निवडणुकीत पडल्यावर त्यानं बॉक्सिंगची पिशवी टांगली. लोकांना वाटलं तो राग काढतोय, पण त्याला शिकवता येत होतं.

त्यानं रामेश्वरला पहिल्याच दिवशी सांगितलं, की मूठ, मनगट आणि कोपर एका रेषेत हवं, मार पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर यावा, आणि मनगटाला पट्टी गुंडाळल्याशिवाय पिशवीला हात लावू नये. महिनाभर तर हळूच मारायचं. रामेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. पट्टीचं तेवढं ऐकलं नाही.

शिवशंकरनं ती पुढं केली तेव्हा तो म्हणाला, "दादा, आमच्यात हात बांधत न्हाईत."

"मामा, हितं मेंढरं न्हाईत."

"हात त्योच हाय की."

मुद्दा बरोबर होता, आणि तोच नडला. पिशवीवर चार-सहा बुक्के बसले. मग जरा जोर आला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं मनगट आत वळलं. वाळूची पिशवी काही मेंढी नव्हे. ती सरकली नाही, मनगट मोडता मोडता राहिलं.

हाड शाबूत निघालं, पण शिरा ताणल्या होत्या. कार्तिकातली कातरणी तोंडावर आलेली. सूज उतरल्यावर शिवशंकर रोज दुकानात येऊन त्याच्याकडून मेहनत करून घेऊ लागला. ज्वारीच्या घमेल्यात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची. पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश वर-खाली करायचं. दुखलं की थांबायचं. गिऱ्हाइकं विचारीत, ज्वारीत काय हरवलं? रामेश्वर मूठ उघडत-मिटत राही. मनगट सुधारत होतं, पण कातरणीच्या घाईनं नव्हे. शिवशंकरनं यंदा पट्टी बांधून कातर, नाहीतर कातरूच नको, असं बजावलं.

कातरणीच्या सकाळी रामेश्वर पट्टी खिशात घेऊन गेला आणि ती खिशातच राहिली. पहिली मेंढी नीट उतरली. दुसरीला मनगट ठणकू लागलं. तिसरीच्या पोटाखाली पातं डगमगलं आणि लोकरीवर लाल थेंब उमटला. जखम नखाएवढी. कोणी पाहिलं नव्हतं. लोकर टाकली असती तर ती झाकलीही गेली असती. रामेश्वरनं जखमेवर हळद दाबली, उठला आणि कातर तात्यांसमोर ठेवली.

तात्यांनी मेंढीकडं पाहिलं नाही. त्याच्या पुन्हा सुजलेल्या मनगटाकडं पाहिलं. व्यायामशाळेतली गोष्ट त्यांच्या कानावर आली होती.

"कावून बांधलं न्हाईस?"

"आपल्यात बांधत न्हाईत, तात्या."

"आपल्यात बुक्क्याबी मारत न्हाईत."

तात्यांनी कातर उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि ती आपल्या मुलाला, सिदूला दिली.

"यंदा तू पाय धर, रामेश्वर. चैताच्या कातरणीला हात दाखीव मला. बांधून आलास तरी चालंल."

तो बसला. डाव्या हातानं त्यानं मेंढीचे पाय धरले. सिदूचं पातं उभं लागत होतं. अजून जरा, की रक्त निघालं असतं. सांगायचं रामेश्वरच्या ओठांवर आलं होतं. पाय गुडघ्याखाली दाबून त्यानं मोकळ्या झालेल्या हातानं मेंढीची कातडी ताणून धरली, तशी कातर आपोआप आडवी पडली.